मिरीचा पाळणा

ऑगस्ट सरत आला तशी मिरी पिकायला लागली. घोसात एखादा दाणा लाल दिसला की अख्खा घोस काढायचा. सगळे लाल व्हायची वाट बघत बसलं की पाखरं आपला वाटा आधी घेऊन जातात. नीता उजाडताच शिडीवर चढायची. डोक्याला पंचा, अंगात नवऱ्याचा जुना पुऱ्या बाह्यांचा शर्ट, कमरेला कापडी झोळी. सत्तरी गाठलेली बाई. जमिनीवर चालताना तिचे गुडघे कुरकुरायचे, शिडीवर मात्र गप्प व्हायचे. डाव्या हाताने पानं सारायची, उजव्या अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचा, घोस झोळीत. खाली तिचा नवरा पद्माकर शिडी धरून उभा.

"धरलीय ना नीट?"

"धरलीय."

"नाहीतर त्या गोहशी गप्पा मारायला वळाल आणि मी येईन खाली."

"आलीस तर झेलीन."

"शेठ, तुम्हाला स्वतःचा चष्मा झेलता येत नाही."

मळ्यावरचा गडी मुरुगेसन पलीकडच्या ओळीत टोपली भरत होता. तंजावरकडचा माणूस, मराठीचा एक शब्द कळत नसे, पण कोणता टोमणा कुणाला बसला हे त्याला स्वरावरून कळायचं. तो टोपलीत तोंड घालून हसला.

लिम चू कांगचा हा तुकडा सिंगापूर बेटाच्या पार वायव्येला. रस्ता संपला की खारफुटी, खारफुटी संपली की खाडी, खाडीपलीकडे मलेशियातलं जोहोर. शहरातली माणसं इकडे रविवारी यायची, बकऱ्यांना पाला चारायची, मुलांना "हे बघ शेत" म्हणून दाखवायची आणि जायची. मळ्याची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. सरकारला जमीन दुसऱ्या कामासाठी हवी होती, आणि तसं ते फार आधीपासून सांगत आले होते. भांडण्यासारखं काही नव्हतं. अट एकच होती. जमीन मिळाली तशी परत द्यायची. मोकळी. वेल नको, खांब नको, शेड नको.

शेजारचा गोह भाजीवाला. त्याचीही जमीन जात होती. तो कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि खांबांकडे बघायचा.

"डॉक्टर, तुझे खांब मला दे लाह. जोहोरला नेतो."

"तू जोहोरला शेती करणार? या वयात?"

"मग काय करू? कॉफी शॉपमध्ये बसून म्हातारा होऊ? तू बस. तू मोठा तौके, मालक माणूस, बंगला विकला, पैसा आहे." गोह दात दाखवून हसायचा. "पहिल्या वर्षी आठवतं का? मॅडम कुदळ चालवायची, तू छत्री धरायचा."

"मॅडमवर नव्हे हो," नीता शिडीवरून म्हणायची, "स्वतःवर."

खांब बेलियानच्या लाकडाचे होते, बोर्निओहून आणलेले. खिळा वाकतो पण लाकडात शिरत नाही असं ते लाकूड. प्रत्येक खांबाला एक वेल. शेडजवळच्या कोपऱ्यातला खांब सगळ्यांत जुना. त्याच्यावरची वेल बुंध्याशी मनगटाएवढी जाड झालेली, साल खवल्याखवल्यांची. तिची मिरी नीता स्वतः काढायची, एकटी. शिडी धरायलाही कुणाला बोलवायची नाही. त्या वेळी पद्माकर काहीतरी काम काढून शेडमागे जायचा.

त्या कोपऱ्यातून तिचा आवाज यायचा, अर्धं गाणं, अर्धा उसासा:

दूरच्या गं नदीकाठी, वेल माझी रुजविली
पाणी घालिता घालिता, सांज उन्हाची भिजली

पुढची ओळ ती कधी म्हणायची नाही. पहिल्या दोनच फिरून फिरून.

◆

पद्माकर संगमनेरकडचा. डॉक्टर झाला आणि पहिली मोठी नोकरी धरली ती समुद्रापलीकडे, बोर्निओतल्या सारावाकमध्ये. राजांग नदीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता नव्हता, फक्त पाणी होतं. फळ्यांचा दवाखाना, खाली डुकरं, वर पत्रा. माणसं होडीतून यायची. ताप, सर्पदंश, करवतीने तुटलेली बोटं, अडलेल्या बायका. औषध सरकारी, फुकट. पण रिकाम्या हाताने उठून जाणं त्या लोकांना जमायचं नाही. कुणी कोंबडी ठेवायचं, कुणी मिरीची पिशवी. कोंबड्या खाऊन संपायच्या. मिरी साठत गेली.

एकदा त्याने ती साठलेली मिरी होडीतून नदीच्या खालच्या अंगाला, सिबू गावाच्या बाजारात नेली. पुढच्या हंगामात शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही नेली. तिसऱ्या हंगामाला दवाखान्याच्या पडवीत औषधाच्या कपाटापेक्षा मोठा तराजू टांगलेला होता. नीता तेव्हा नवीन लग्न होऊन देवासहून आलेली. ती त्याला "डॉक्टर" म्हणायची. "डॉक्टर, पान वाढलंय." "डॉक्टर, बाहेर माणूस आलाय, त्याला आधी बघा, मिरी मग मोजा."

त्यांना पहिली मुलगी झाली ती त्या नदीकाठी. पद्माकरनेच तिला जगात आणलं, नाळ त्यानेच कापली. मग म्हणाला, बारशाला पाळणा हवा, सिबूहून आणतो. जातोच आहे तर मिरीही नेतो. बारशाच्या आत परत येतो म्हणाला आणि आलाही. पण मिरीचा दर चढतोय म्हणून सिबूत थांबला तेवढ्यात मुलीला ताप चढला. दवाखान्यात औषधं होती. ती द्यायला कुणी नव्हतं.

होडी धक्क्याला लागली तेव्हा वेताचा नवा पाळणा त्याच्या मांडीवर होता. धक्क्यावर लांबघरातली, सगळं गाव एका छपराखाली राहतं तिथली, एक म्हातारी उभी होती. तिने पाळण्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. नीताने तिला दवाखान्यामागच्या चढावर मातीत ठेवलं होतं. जागा हरवू नये म्हणून त्या म्हातारीने तिथे मिरवेलीची एक कांडी खोचली होती.

रिकामा पाळणा हलवू नये, असं नीताच्या घरी म्हणत. नदीवरचा वारा मात्र रात्रंदिवस वाहायचा, आणि आढ्याला टांगलेला पाळणा आपला आपण हलायचा. एक दिवस नीताने पडवीतली मिरी सुपाने आणून त्यात ओतली. काठोकाठ. पाळणा थांबला.

त्या दिवसापासून ती नवऱ्याला "शेठ" म्हणायला लागली. भांडून नाही. अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं. पद्माकरने पुढे नोकरी सोडली, सिंगापूरला पेढी काढली, दुकान घेतलं, बुकित तिमाहला बंगला घेतला, हा मळा घेतला. मुलगा निशिकांत झाला, त्याला झोळीत झोपवलं. त्या चढावरच्या वेलीच्या कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नीताने आधी दुकानाच्या मागे लावल्या, मग बंगल्याच्या कुंपणाला, मग इथे. आणि पाळणा जिथे गेला तिथे टांगला. दर हंगामाला जुनी मिरी काढायची, कोपऱ्यातल्या वेलीची नवी भरायची. मधे तो क्षणभरही रिकामा राहू द्यायचा नाही. एक सूप ओतायचं, मगच तळातलं काढायचं.

दोघं त्याबद्दल कधी बोलली नाहीत. बारसं झालं नव्हतं, म्हणून मुलीला नाव नव्हतं. आणि नाव नसलेल्याचा विषय काढायचा तरी कसा, हे पद्माकरला कधी उमगलं नाही.

◆

एका रविवारी निशिकांतची बायको मीनल मळ्यावर आली, सोबत तिची मैत्रीण स्मिता. स्मिता टॅम्पिनीसची, पोटाशी लहानगं बाळ बांधलेलं. दोघी शेडमध्ये आल्या आणि स्मिताची नजर वर गेली.

"अय्या काकू, किती सुंदर! वेताचा ना? असा आता कुठे मिळणार!"

नीता खाली बसून घोस मळत होती. पायाने, गोणपाटावर, सावकाश. दाणे सुटून टाचेखाली गोळा होत होते.

"आई," मीनल म्हणाली, "स्मिताच्या बहिणीला मुलगी झालीय. पुढच्या शनिवारी बारसं, कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. सगळं पारंपरिक करायचंय त्यांना. मी म्हटलं, आमच्याकडे एक पाळणा आहे. नाहीतरी शेड पाडायचीच आहे ना."

"एकच दिवस काकू. पॉलिश करून परत देते. फोटो इतके छान येतील!"

"त्यात मिरी आहे," नीता म्हणाली.

"ती काढू ना आपण पिशवीत."

नीताने पाय थांबवला नाही. "तिखट असते गं. बाळाच्या डोळ्यांना झोंबेल. केळीची पानं ने हवी तेवढी."

मीनलचा चेहरा उतरला. मैत्रिणीसमोर सासूने साध्या पाळण्याला नाही म्हणावं हे तिला लागलं. पद्माकर दारात उभा होता, त्याला ते दिसलं. काहीतरी बोलावं म्हणून त्याने स्मिताला विचारलं, "तुझ्या बाळाचं बारसं कसं झालं?"

"अहो काका, धमाल! आत्या पुण्यात. तिने व्हिडिओवरून कुर्र केलं, आम्ही फोन बाळाच्या कानाला लावला. पण नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात ना, ते कुणाला घालणार? मग सगळ्या बायकांनी आमच्या ह्यांनाच वाकवलं. दणादण! बिचारे दोन दिवस पाठ चोळत होते."

मीनलही हसली. पद्माकर हसला. नीताने मळलेले दाणे सुपात घेतले, उठली आणि पाखडायला लागली. फोलपटं उडून पद्माकरच्या अंगावर आली. तो बाजूला झाला नाही.

जाताना मीनल गाडीशी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी काही चुकीचं मागितलं का?"

"नाही."

"मग आईंना काय झालं?"

पद्माकरने केळीच्या पानांची गुंडाळी डिकीत ठेवली, डिकी लावली. "निशिकांतला विचार," तो म्हणाला. असं तो का म्हणाला, ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही.

◆

सप्टेंबर लागला आणि धूर आला. खाडीपलीकडे, समुद्रापलीकडे कुठेतरी रानं पेटली होती. सकाळी उठावं तर खारफुटी दिसेना. सूर्य दुपारीही तांब्याच्या पैशासारखा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. घशाला राखेची चव. मुरुगेसन नाकावर मास्क लावून काम करायचा आणि श्वास घ्यायला तोच मास्क खाली ओढायचा.

मिरी वाळेना. हिरवे दाणे कडक उन्हात पसरले की दोन-चार दिवसांत काळे, सुरकुतलेले, खुळखुळणारे होतात. या उन्हात ते काळे झाले, पण मऊच राहिले. नीता सकाळी ताडपत्री पसरायची, दाताळ्याने दाणे परतायची, वास घ्यायची. संध्याकाळी ताडपत्री चार कोपऱ्यांनी उचलून दोघं शेडमध्ये आणायची. एका टोकाला ती, एका टोकाला तो. त्याचे हात थरथरायचे आणि वाटेत दाणे सांडायचे.

"राहू द्या. मुरुगेसनला बोलावते."

"आणतो ना मी."

"सांडता तुम्ही."

बाकीची मिरी निशिकांतने कुणाच्या तरी यंत्रात वाळवून आणली. कोपऱ्यातल्या वेलीची नीताने दिली नाही. "ही उन्हातच," म्हणाली. तिला खोकला झाला होता. शिडीवर असली तरी थांबायचा नाही.

"वाक जरा पुढे," पद्माकर एकदा म्हणाला. स्टेथोस्कोप केव्हाचा कुणाला तरी देऊन टाकलेला. त्याने तिच्या शर्टावरूनच पाठीला कान लावला. डाव्या बाजूला, मग उजव्या. "श्वास घे. सोड. घे."

"काय ऐकू येतंय, शेठ?"

"जरा घरघर आहे. खाली नाही, वरच आहे. धुराची. दोन दिवस मळ्यावर येऊ नको."

"आणि मिरी कोण परतेल?"

"मी."

ती सरळ झाली, पदर खोचावा तसा शर्ट खोचला. "तुम्हाला मिरीचा दर कळतो. मिरी कळत नाही."

दुसऱ्या दिवशीही ती आली. चार दिवसांनी ताडपत्री उघडली तेव्हा दाण्यांवर पांढरी लव होती. नीताने मूठभर घेतली, चोळली, वास घेतला. कुबट. तिने ती परत खाली टाकली आणि हात पायजम्याला पुसले. किती तरी वेळ पुसत राहिली.

"बुरशी," मुरुगेसन हिंदीत म्हणाला. "फेकना पडेगा, अम्मा."

"हां. फेको."

वर पाळण्यात गेल्या वर्षीची मिरी होती. नीताने हात घालून पाहिलं. धुराच्या ओलीने तीही दमटली होती, खालच्या थरात जाळं धरलं होतं. तिने हात बाहेर काढला. 

◆

पद्माकरच्या चार कुंड्या शेडमागे होत्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. जुलैत लावलेल्या. नीताने आधीच सांगून ठेवलं होतं, बाल्कनीत वेल नको. बंगला विकल्यावर राहायला गेले त्या चौदाव्या मजल्यावर दोनदा लावून पाहिली, दोनदा वाऱ्याने वाळली. जमीन गेली की तीही जाऊ दे. तसं म्हणताना ती भाजी निवडत होती आणि तिचा हात एकदाही अडखळला नव्हता. म्हणूनच पद्माकरला भीती वाटली. एक दिवस ती दुपारची आडवी झालेली असताना त्याने कोपऱ्यातल्या वेलीच्या कांड्या कापल्या. आयुष्यभर मिरीत हात घातलेला माणूस. त्याने चांगल्यातल्या चांगल्या निवडल्या, घोसांनी लगडलेल्या, भरदार. ओल्या मातीत खोचल्या, वर प्लास्टिक बांधलं. रोज नीता जेवायला बसली की तो हात धुवायला म्हणून उठायचा आणि पाणी घालून यायचा.

तीन मेल्या. चौथीला पान फुटलं. नखाएवढं, फिकट, तेल लावल्यासारखं चकचकीत.

मळा मोकळा करायची माणसं आली त्या आठवड्यात नीता टाकीवर पाय धुवायला गेली आणि तिला कुंडी दिसली. पद्माकर मागून आला तोवर ती खाली बसली होती, प्लास्टिक सोडून.

"ही कुणाची?"

"कोपऱ्यातलीची."

"तुम्ही कापलीत?"

"हो."

"कुठून कापलीत? दाखवा."

त्याने दाखवलं. खांबापासून आडवी निघालेली फांदी, घोस धरणारी. नीताने तिकडे बघितलं, मग कुंडीकडे. तिचे ओठ हलले, हसू यावं तसे.

"शेठ, ही फांदी चढत नाही."

"म्हणजे?"

"खांबाला चिकटून वर जाणारा शेंडा असतो, त्याची कांडी लावायची. तिला मुळं सुटतात गाठीगाठीला, ती वर जाते. ही फळाची फांदी. हिला कितीही उंच खांब द्या. इथेच राहणार. एवढीच." तिने जमिनीपासून हातभर उंची दाखवली. "तुम्ही घोस बघितलेत. घोस बघूनच कापलीत."

पद्माकर टाकीला टेकला. धुरात मागे यंत्राचा घरघराट चालू होता. बेलियानचा एक खांब जमिनीतून निघताना ओरडल्यासारखा आवाज करत होता.

"मग टाकून देऊ?"

 नीताने पानाखालची माती बोटाने दाबली, थोडी भुसभुशीत केली, परत दाबली. "पाणी फार घालता," म्हणाली. "मुळं कुजतील." आणि उठून गेली. प्लास्टिक तिने परत बांधलं नव्हतं. कुंडी मात्र उन्हातून सावलीत सरकवून ठेवली होती.

◆

शेवटच्या दिवशी धूर विरळ होता. ओळीच्या ओळी गेल्या होत्या. जिथे वेली होत्या तिथे खड्डे, खड्ड्यांत कालच्या सरीचं पाणी. गोह आपल्या टेम्पोत खांब भरत होता. त्याने निम्मे नेले. शेवटचा भरून झाला तेव्हा तो पद्माकरजवळ आला, हात पुसला आणि पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी हात मिळवला नव्हता.

"डॉक्टर, जोहोरला ये. छत्री घेऊन ये."

कोपऱ्यातली वेल शेवटी ठेवली होती. मुरुगेसन कोयता घेऊन उभा राहिला आणि नीताकडे बघितलं. "अम्मा?"

"दे इकडे."

तिने स्वतः तोडली. खाली वाकून, बुंध्याशी, दोन घावांत. वेल पडली नाही. खांबाला तशीच धरून राहिली, वरची पानं हिरवीगार. आपण तुटलोय हे वेलीला ठाऊक नव्हतं अजून. मग यंत्राने खांब धरला आणि वेलीसकट उचलून नेला.

निशिकांत ऑफिसातून थेट आला होता, टाय खिशात कोंबून. त्याने आईच्या खांद्याला हात लावला. "आई, चल. शेड उद्या ते पाडतील. पाळणा मी घेतो गाडीत."

"रिकामा करायचाय अजून."

"मग करू या."

"तू गाडीत बस. येते मी."

निशिकांतने बापाकडे बघितलं. मग गाडीकडे गेला.

शेडमध्ये आता काही नव्हतं. शिडी गेली, ताडपत्र्या गेल्या, तराजू गेला. आढ्याला पाळणा. नीताने खाली पोतं धरलं आणि पाळणा एका बाजूने कलता केला. मिरी धो धो आवाज करत पडली, मग थोडी थोडी, मग एकेक दाणा. कुबट वास पसरला. तिने आत हात फिरवून वेताच्या भेगांत अडकलेले दाणे काढले. मग दोन्ही हातांनी पाळण्याचा काठ घट्ट धरून उभी राहिली. दारातून खाडीवरचा वारा येत होता. सोडला असता तर पाळणा हलला असता.

"मुरुगेसनला म्हणावं, दोरी काप," ती म्हणाली. "मी धरून उभी आहे."

पद्माकर शेडमागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या पोटाशी कुंडी होती. माती सांडत होती. तो पुढे आला आणि कुंडी पाळण्यात ठेवली. पाळणा वजनाने किंचित खाली आला. नीताचे हात काठावरच होते.

"चढत नाही ती," नीता म्हणाली.

"नको चढू दे."

"मोठी व्हायची नाही."

"ठाऊक आहे."

बाहेर यंत्र बंद झालं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खारफुटीतल्या पाखरांचा आवाज आला.

"नीता," पद्माकर म्हणाला. "तिचं नाव काय ठेवणार होतीस?"

ती पाळण्याकडेच बघत राहिली. "आज विचारताय."

"हो."

"निशिकांतने विचारलं होतं. शाळेत होता तेव्हा. ताईचं नाव काय म्हणून. त्याला सांगितलं मी." तिला खोकला आला, तो तिने दाबला. "तुम्ही विचाराल म्हणून ठेवलं होतं. तुम्ही होडीतून उतरलात आणि मला विचारलंत, औषध कुणी दिलं नाही का. मग बंगला घेतलात तेव्हा वाटलं विचाराल. मळा घेतलात तेव्हा वाटलं. मग वाटायचं थांबलं."

पद्माकरने पाळण्याच्या काठावर सांडलेली माती बोटाने गोळा केली. 

"क्षिप्रा," नीता म्हणाली. "आमच्या देवासची नदी. ही नदीकाठी झाली म्हणून."

"क्षिप्रा," तो म्हणाला. मोठ्याने, रुग्णाला हाक मारावी तसं.

"हळू. कानात सांगायचं असतं."

"ते आत्यानं."

"आत्या कधीच वारल्या, संगमनेरला. आता कोण आहे दुसरं?"

पद्माकर वाकला. गुडघे वाजले. एक हात पाळण्याच्या काठावर टेकून तो कुंडीवर झुकला, त्या एकुलत्या एका पानापाशी तोंड नेलं.  "कुर्रर्र," त्याने केलं, आवाज फुटला नाही, परत केलं. मग नाव सांगितलं. पान त्याच्या श्वासाने हललं.

पाठीत पहिला धपाटा बसला तो हलकाच, बारशाला बायका हसत हसत घालतात तसा. दुसरा त्याहून जरा जोरात. रीत एवढ्यावर संपते. नीताचा हात थांबला नाही. तिसरा, चौथा, कामाने घट्टे पडलेला तळवा, त्याच्या शर्टावर, पाठीच्या हाडांवर, पुन्हा पुन्हा. ती रडत नव्हती, फक्त मारत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या छातीतली घरघर त्याला ऐकू येत होती. पद्माकर वाकलेलाच राहिला. सरळ झाला नाही.

मग हात थांबला. पण उचलला गेला नाही. त्याच्या पाठीवर तसाच राहिला, उघडा, जड.

दुसऱ्या हाताने नीताने पाळण्याची दोरी धरली आणि अगदी हळू ओढली.